उताराचे मैदान : भंडारदऱ्याची सहल आणि मुलांची हॉकी

मुंबईहून नाशिकच्या वाटेला लागले की कसारा घाट चढून इगतपुरी येते आणि त्यापुढे घोटी. घोटीला महामार्ग सोडून एसटी उजवीकडे वळली की पाहता पाहता मुलूख बदलतो. कारखान्यांच्या चिमण्या मागे पडतात, दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात आणि समोर सह्याद्रीच्या रांगा उभ्या राहतात. बारी हे गाव आले की डाव्या-उजव्या खिडक्यांतून सगळे प्रवासी वाकून पाहतात, कारण इथूनच कळसूबाईची वाट वर जाते. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. तिथून पुढे गाडी शेंडी गावात पोचते. भंडारदरा म्हणून आपण जे ठिकाण ओळखतो, ते या शेंडीला लागूनच आहे. तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या युवक मंडळाने मुलांची सहल इथे नेली. कामगारांची, रिक्षावाल्यांची, घरकाम करणाऱ्या मायमाउल्यांची मुले. बरोबर चार कार्यकर्ते आणि महिला मंडळाच्या दोन ताई. या मुलांत तीन मुले अशी होती की ज्यांना एरवी कोणी सहलीला नेत नाही. एकाचा डावा पाय जन्मापासून अधू, तो पट्ट्यांचा जड बूट घालून चालतो. एका मुलीला ऐकू कमी येते, तिच्या कानाला यंत्र आहे. आणि तिसरा मुलगा बुद्धीने वयाच्या मानाने मागे आहे, पण वस्तीतल्या प्रत्येकाचे नाव त्याला पाठ आहे.

नावे लिहून घेताना अधू पायाच्या मुलाची आई म्हणाली, "भाऊ, त्याला कशाला नेताय? तुमच्याच जिवाला घोर. इतर पोरं खेळतील आन् हा बसून राहील." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. इतक्या वर्षांच्या अनुभवातून आलेले ते शहाणपण होते. या लेखाचा विषय तेच शहाणपण आहे, कारण ते चुकीचे ठरावे असे आम्हांला वाटत होते.

धरणाचे पाणी

भंडारदऱ्याचे धरण प्रवरा नदीवर आहे. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली ते पुरे झाले. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हणतात आणि जलाशयाला आर्थर लेक. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत उभी राहिली तेव्हा देशातल्या सर्वांत उंच धरणांत तिची गणना होत होती. धरणात सुमारे ११ टीएमसी पाणी साठते. पाऊस संपता संपता जलाशय काठोकाठ भरलेला असतो, आणि धरणातून पाणी सोडले की खालच्या गोल खडकावरून ते छत्रीसारखे पसरत पडते. त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. मुले तिथून हलायला तयार नव्हती. खाली काही अंतरावर रंधा धबधबा आहे. जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी, तिथे अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आणि त्याच्यामागे रतनगड. त्याच्याही पलीकडे घाटघर, जिथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते.

आपण निसर्ग पाहायला जातो आणि पाहून येतो. पण आपल्या माणसाने पाणी पाहिले की एक प्रश्न विचारलाच पाहिजे, हे पाणी कोणाचे? भंडारदऱ्याचे पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहाता, राहुरीकडे जाते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. उसावर साखर कारखाने उभे राहिले. आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली याच प्रवरेच्या काठी लोणीला सुरू झाला. यात वाईट काही नाही, शेती फुलली ती चांगलीच गोष्ट. पण ज्या डोंगरांवर हा पाऊस पडतो, तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर आदिवासींच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्यांना हंडा घेऊन वणवण करावी लागते. पाणी उताराने खाली जाते आणि त्याबरोबर समृद्धीही खाली जाते. वरच्यांच्या वाट्याला पाऊस येतो, पाणी येत नाही.

हा मुलूख मुकाट्याने सोसणाऱ्यांचा मात्र नाही. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी सावकार आणि इंग्रज सरकार या दोघांविरुद्ध हत्यार उचलले आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मुलांना ही गोष्ट आम्ही धरणाच्या भिंतीजवळ सांगितली.

आणखीही एक गोष्ट सांगितली. हे धरण पुरे झाले १९२६ साली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकीकडे नदी अडवून कोट्यवधी लिटर पाणी साठवण्याची विद्या देशात आली होती, आणि दुसरीकडे आपल्या आजोबा-पणजोबांना सार्वजनिक तळ्यातल्या ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागत होती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना याच बाबासाहेबांनी देशाच्या पाटबंधारे आणि वीज धोरणाचा पाया घातला, दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली. ज्याला तळ्यावर येऊ दिले नाही, त्याने देशाच्या नद्यांचा विचार केला. मुलांना हे ठाऊक असले पाहिजे.

मैदानसुद्धा पाणवठाच

पाण्यासारखीच दुसरी एक सार्वजनिक वस्तू आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ती म्हणजे मैदान. शहरातल्या मैदानावर कोणाची पोरे खेळतात? ज्यांच्या बापाला प्रवेश फी, महिन्याची फी, बूट, काठी, पॅड परवडते त्यांची. आमच्या मंडळाने मागे एका नावाजलेल्या क्लबकडे पाच मुलांसाठी हॉकीच्या शिकवणीची चौकशी केली. फीचा आकडा ऐकून आम्ही गप्प बसलो. अधू पायाच्या मुलाचे नाव काढले तर समोरचा माणूस गोडीने म्हणाला, "त्याला प्रेक्षक म्हणून आणा की." तळ्यावर बंदी घालणाऱ्यांची भाषा कडक होती, मैदानावर बंदी घालणाऱ्यांची भाषा गोड असते, एवढाच काय तो फरक.

हॉकी हा खेळ मुळात गरिबाचा. वाकडी काठी आणि एक चेंडू, बस्स. १९२८ ते १९७२ पर्यंत एकाही ऑलिम्पिकमधून भारतीय हॉकी संघ पदकाशिवाय परतला नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमला पहिले सुवर्णपदक मिळाले तेव्हा संघाचे कप्तान होते जयपालसिंग मुंडा, छोटा नागपूरचे आदिवासी. पुढे हेच जयपालसिंग घटना समितीत आदिवासींचा आवाज बनून उभे राहिले, त्याच सभागृहात जिथे बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि आपला संघ सातव्या नंबरावर घसरला. पराभवाची कारणे अनेक सांगितली जातात, पण एक गोष्ट उघड आहे. हिरव्या गालिच्याला कोट्यवधी रुपये लागतात आणि सामन्यापूर्वी त्यावर हजारो लिटर पाणी मारावे लागते. मातीवर खेळणाऱ्या गरिबाच्या पायाखालची जमीनच त्या दिवशी काढून घेतली गेली. असे मैदान आज महाराष्ट्रात मुंबई-पुण्यासारख्या मोजक्याच शहरांत आहे. ज्या भंडारदऱ्यात पाणी साठते, तिथल्या मुलाने ते मैदान डोळ्यांनीसुद्धा पाहिलेले नसते.

तरीही गरिबाची पोरे पुढे आली. पुण्याच्या खडकीत दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत १९६८ साली जन्मलेले धनराज पिल्ले यांचे वडील मैदानाची देखभाल करणारे कामगार. घरात पाच भाऊ. नवी काठी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मोडलेल्या काठ्या सुतळीने बांधून आणि टाकून दिलेले चेंडू वेचून ही भावंडे खेळली. तो मुलगा चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला आणि १९९८ साली बँकॉकच्या एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचा कप्तान होता. मुंबईचा युवराज वाल्मिकी २०११ साली आशियाई चँपियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल करून परतला, तेव्हा पत्रकार त्याच्या मरीन लाइन्सच्या घरी गेले आणि त्यांना दिसले की त्या घरात वीजच नाही. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या शेतकऱ्यांच्या मुली. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत त्यांना राहायला, खायला, शिकायला मिळाले आणि त्या भारताच्या संघात पोचल्या. २०२३ साली चीनमध्ये झालेल्या एशियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात वैष्णवी होती. सरकारने दार उघडले की काय होते त्याचा हा पुरावा आहे.

आणि दार उघडून आत गेल्यावरही काय होते त्याचाही पुरावा आहे. हरिद्वारजवळच्या रोशनाबादची वंदना कटारिया ही दलित कुटुंबातली मुलगी. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्यानंतर उपांत्य सामन्यात संघ हरला, तर तिच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार घरच्यांना पोलिसांत द्यावी लागली आणि त्या प्रकरणी अटकही झाली. दोनच दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात वंदनाने पुन्हा मैदानात उतरून आणखी एक गोल केला. ते पदक मिळाले नाही, पण शिव्या देणाऱ्यांना उत्तर मिळाले. शंभर वर्षांपूर्वी क्रिकेटमध्ये पाळवणकर बाळू यांचेही असेच झाले. इंग्रजांच्या जिमखान्यात खेळपट्टीवर रोलर फिरवणारा हा चांभार समाजातला तरुण १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला, पण हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी दिले गेले नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. राजकारण वेगळे होते, पण मैदानावर त्यांनी जे सोसले ते आपलेच सोसणे होते.

माळावरचा सामना

शेंडीच्या बाहेर एका माळावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिसरण-पंचशील घेऊन आम्ही खेळ मांडला. खऱ्या हॉकीच्या काठ्या आमच्याकडे दोनच होत्या, त्याही देणगीच्या. म्हणून आम्ही वेगळी तयारी करून आलो होतो.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंसाठी १९६८ साली अमेरिकेत स्पेशल ऑलिम्पिक सुरू झाले. त्यात अनेक वर्षे फ्लोअर हॉकी नावाचा खेळ खेळवला गेला. या खेळात काठीला पुढे वाकण नसते, सरळ दांडा असतो. चेंडूऐवजी जाड नमद्याची चकती असते आणि तिच्या मधोमध मोठे भोक असते. दांडा भोकात घालायचा आणि चकती जमिनीवरून ढकलत न्यायची. चेंडूसारखी ती पळून जात नाही, उसळून तोंडावर येत नाही. ज्याचा हात कापतो, ज्याची नजर चेंडूमागे धावू शकत नाही, त्यालाही ती नेता येते. आमच्या ताईंनी बांबूच्या काठ्यांच्या टोकांना चिंध्या गुंडाळून मऊ बोळे केले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबवर गोधडीचे कापड शिवून कडी बनवली. खर्च म्हणावा तर फक्त दोऱ्याचा.

खेळ सुरू होताच आसपासची आदिवासी मुले जमली. आश्रमशाळांना सुट्टी असल्याने ती घरी आलेली होती. थोडा वेळ लाजली, मग आत आली. एक मुलगा गुरांमागे नेतात तशी वाकड्या फांदीची काठी घेऊन आला. हॉकीची पहिली काठी जगात कधीतरी अशीच जन्माला आली असेल. झारखंडच्या सिमडेगा भागात मुले आजही बांबूच्या काठ्यांनी खेळतात. गावोगावच्या स्पर्धांत जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो, आणि त्याच मातीतून सलीमा टेटे भारताची कप्तान झाली. आमच्या मुलांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना बोकडाचेच कौतुक जास्त.

खरी अडचण नियमांची आली. ऐकू न येणाऱ्या मुलीला शिट्टी कळेना. तेव्हा कोणीतरी सुचवले की शिट्टीबरोबर निळा रुमाल हलवायचा. मग सगळीच मुले रुमालाकडे पाहू लागली, कारण माळावरच्या वाऱ्यात शिट्टी कोणालाच नीट ऐकू येत नव्हती. एकीसाठी केलेली सोय सगळ्यांच्या उपयोगी पडली. अधू पायाच्या मुलासाठी ठरले की त्याच्या काठीत कडी आली की तीन मोजेपर्यंत कोणी अंगावर जायचे नाही.

यावर आमच्याच वस्तीतला एक तरतरीत मुलगा चिडला. "काका, त्याला सवलत कशापायी? मग मला बी द्या!" हा प्रश्न आपल्याला नवा नाही. शाळेत, कॉलेजात, नोकरीत आपल्या मुलांना हाच प्रश्न याच सुरात ऐकावा लागतो. आता तो आपल्याच मुलाच्या तोंडून आला होता, तेव्हा रागावून भागणार नव्हते.

उत्तर त्या माळानेच दिले. डोंगरातली जागा, माळाला चांगलाच उतार होता. पहिल्या डावात उताराच्या बाजूने खेळणाऱ्या संघाने पटापट पाच गोल केले, वरच्या दिशेने खेळणारे दमून गेले. मध्यंतराला बाजू बदलायची वेळ आली तेव्हा त्या चिडलेल्या मुलाला विचारले, "तुझा संघ उताराने खेळला ना? पाच गोल तुम्ही केले की उताराने केले?" तो हसला. मग विचारले, "आता बाजू बदलायची की तशीच राहू द्यायची?" तो म्हणाला, "बदलायलाच पायजे. नायतर चीटिंग होईल." तेव्हा त्याला म्हटले, "तुझ्या मित्राला जन्मापासून चढावर खेळायला लावले आहे. बाजू बदलण्याची शिट्टी त्याच्यासाठी कधी वाजलीच नाही. ते तीन आकडे म्हणजे तेवढीच शिट्टी आहे." मुलगा काही बोलला नाही. पण दुसऱ्या डावात "एक, दोन, तीन" सर्वांत मोठ्याने तोच मोजत होता.

तेव्हा आदिवासी मुलींपैकी एक म्हणाली, "आमच्याकडं सगळाच चढ हाय." सगळे हसले. बोलली मात्र खरे.

त्या मुलाने दोन गोल केले. त्यात दया कोणाची नव्हती, कारण गोलात उभी असलेली ठाकर मुलगी घारीसारखी चपळ होती आणि तिने इतरांचे कितीतरी फटके अडवले. दुपारी आम्ही बारीला जाऊन कळसूबाईच्या वाटेवर थोडे चढून आलो. या शिखराच्या अवघड कातळांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. महाराष्ट्रातल्या दिव्यांग गिर्यारोहकांचे गट त्या शिड्या चढून माथ्यावर जाऊन आले आहेत, हे मुलांना सांगितले. आमचा मुलगा शिडीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी." आम्ही त्याला ना होकार दिला ना नकार. शिडी आधीच तिथे होती.

कायदा आणि आपण

अपंगाने खेळायचे म्हणजे मन रमवायचे, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी मुरलीकांत पेटकर यांची हकिकत वाचावी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर लष्करात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. हॉकीचीही अशीच एक हकिकत आहे. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या पुनर्वसन केंद्रातल्या काही अपंग माणसांनी १९६० च्या सुमारास बर्फावरची हॉकी सोडायला नकार दिला. उभे राहता येत नाही तर बसून खेळू म्हणाले. घसरगाडीला बर्फावरच्या बुटांची पाती लावली, हातात आखूड काठ्या घेतल्या आणि खेळ सुरू केला. १९९४ साली तोच खेळ हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये गेला. त्यांनी खेळ आपल्या मापाने बेतून घेतला. पाय नव्हते म्हणून माणसे थांबली नाहीत.

आपल्या देशात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. तो २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व मान्य केले आहे. कलम १६ सांगते की सरकारी किंवा सरकारमान्य शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि खेळाची, करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी. कलम ३० खेळांविषयीच आहे. म्हणजे खेळाच्या तासाला आपल्या मुलाला वर्गात बसवून ठेवले तर ती शाळेची सोय झाली, कायद्याचे पालन नव्हे. शिक्षकाला नम्रपणे पण लेखी विचारावे. कचेरीत काम करणाऱ्याला ठाऊक असते की तोंडी विनंती हवेत विरते, लेखी अर्जाला आवक क्रमांक मिळतो.

प्रवासाचेही तसेच. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर एसटीच्या भाड्यात मोठी सवलत मिळते, अपंगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही मिळते. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, लहान मुलांनाही अर्धे. आपल्या आगारात चौकशी करून नियम समजून घ्यावेत. आमच्या तिघा मुलांपैकी एकाकडेच युडीआयडी कार्ड होते, बाकीच्या दोघांच्या आयांनी आता अर्ज भरले आहेत. तेवढे झाले तरी सहल सार्थकी लागली असे म्हणता येईल.

प्रत्येक विहाराला हिरवा गालिचा घालता येणार नाही. पण प्रत्येक विहाराला अंगण आहे, आणि नसेल तर जवळ महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची शाळा आहे. त्या शाळेचे मैदान रविवारी मिळावे म्हणून मंडळाच्या नावाने अर्ज करता येतो. बांबू, चिंध्या, जुनी ट्यूब प्रत्येक वस्तीत मिळते. १४ एप्रिलच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेवर जे पैसे जातात, त्यात कितीतरी मुलांना खऱ्या काठ्या आणि पायांना संरक्षक पॅड येतील. २९ ऑगस्टला, मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, देशभर राष्ट्रीय क्रीडा दिन पाळतात. त्या दिवशी आसपासच्या चार विहारांनी मिळून मुलांचे सामने ठेवावेत आणि नियम एकच ठेवावा, जो येईल तो खेळेल. कोणाला बाकावर बसवायचे नाही. मुलगा असो की मुलगी, बौद्ध असो की मातंग, आदिवासी, मुसलमान, पाय धड असो की अधू, कोणालाच नाही.

यातून धनराज किंवा वंदना निघेलच असे कोणी सांगू शकत नाही आणि त्यासाठी हे करायचेही नाही. चवदार तळ्याचे पाणी आपण कोणी अमर व्हावे म्हणून प्यायलो नव्हतो, ते सर्वांचे होते म्हणून प्यायलो. मैदानही सर्वांचे आहे.

आमच्या वस्तीत आता दर रविवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या आवारात खेळ मांडला जातो. शिट्टीबरोबर निळा रुमाल हलतो. मध्यंतराला बाजू बदलतात, जमीन सपाट असली तरी बदलतात. ज्या माउलींना वाटते की आपला मुलगा बसून राहील, त्यांनी त्याला घेऊन यावे. काठी आम्ही देऊ.

जय भीम.